फळीपुढच्या खुणा

इथे पहिल्यांदाच लिहितेय. तुमचे गूढ अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. पोलादपूरच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलंय. शेजारीण दाराला लिंबू-मिरची बांधायला लागली की मी त्यातली मिरची भाजीला मागते... असा माझा स्वभाव. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तर मला बोलायला तोंड नाही.

आमचे हे घाटाखाली पर्यटकांना एटीव्हीवर फिरवायचे. चार जाड चाकं आणि मोटारसायकलसारखं हँडल असलेली गाडी. परदेशात हिच्यापुढे फळी लावून दारातला बर्फ लोटतात असा व्हिडिओ यांनी कुठेतरी पाहिला आणि वेल्डरकडून लोखंडी फळी बसवून आणली. मी म्हटलं, "आपल्याकडे बर्फ कुठाय?" तर म्हणाले, "महाडला चिखल हाय की."

पूर ओसरला की महाडच्या गल्ल्यांत गुडघाभर गाळ राहतो. दोन-तीन दिवसांत काढला नाही तर सिमेंटसारखा बसतो. मोठ्या रस्त्यावर जेसीबी चालतो, पण जुन्या आळ्यांत तो शिरत नाही. तिथे आमची गाडी लागायची. मी चालवायची आणि हे काठी घेऊन पुढे चालायचे, कारण पुरात गटारांची झाकणं वाहून जातात आणि वरून सगळं सपाट दिसतं. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या खुणा ठरलेल्या. चिखलात शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे ये. फुली म्हणजे थांब. हे डावखुरे, त्यामुळे डावं भोक नेहमी जास्त खोल. मागे वळून कधी बघायचे नाहीत. मी अंगावर गाडी घालणार नाही याची एवढी खात्री कशी होती कोण जाणे.

दीड वर्षापूर्वी हे गेले. मुलगा पुण्याला असतो. गाडी विक आणि इकडे ये, म्हणतो. मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि विषय टाळत राहिले. घरात टीव्ही दिवसभर चालू असतो. बघत नाही मी... आवाज हवा म्हणून.

यंदा पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, यांना शेवटपर्यंत बाळू म्हणायच्या. महाडला एका आळीत माडीवर एकट्याच राहतात. सत्तरी उलटलेली, वर साखरेचा आजार. "नले, खालचा फ्रीज बुडाला गो. इन्सुलिन त्यातच व्हतं. दोन दिस सुई टोचलेली नाय." जीभ जड झाल्यासारखं बोलत होत्या. ओळखीच्या चौघांना फोन केले. सगळे बाजारपेठेत अडकलेले, संध्याकाळपर्यंत बघतो म्हणाले. तोवर थांबायची माझी तयारी नव्हती.

थर्मासमध्ये बर्फ आणि मेडिकलमधून आणलेलं इन्सुलिन भरलं, गाडी टेम्पोत चढवली. आळीच्या तोंडाशी उतरवताना टेम्पोवाला म्हणाला, "बाई, पुढं काठी कोन मारील?" मी म्हटलं, "मिळेल कोणीतरी." त्याला पाण्याचे कॅन पोचवायचे होते, तो गेला. कोणी मिळालं नाही. घरं बंद, माणसं नातेवाइकांकडे गेलेली. आणि यांची काठी पोलादपूरला पडवीतच राहिली होती. दीड वर्षात तिला हातच लावला नव्हता मी.

दुपारचे तीन वाजले असतील. लख्ख उजेड होता, हे मुद्दाम सांगतेय. फळी टेकवली, दहा-बारा फूट गेले आणि गाडी थांबवली. पुढे नुसता सपाट, चकचकीत गाळ. चालत जाणं तर त्याहून धोक्याचं. मला रडू आलं. मोठ्याने म्हणाले, "आता मी कशी जाऊ हो?"

डोळे पुसून बघितलं तर फळीपुढे दोन भोकं होती. ताजी, तळाशी पाणी झिरपत असलेली. त्यापुढे आणखी दोन, मग आणखी दोन. जोड्या उजव्या भिंतीच्या कडेने गेल्या होत्या. आजूबाजूला पावलाचा एकही ठसा नाही. आणि प्रत्येक जोडीत डावं भोक खोल.

मी निघाले. गंमत बघा, पुढे जायचं तर माझ्याच फळीने ती भोकं पुसावी लागत होती. फोटो काढायचं सुचलंच नाही. एका निळ्या दारासमोर भली मोठी फुली दिसली. तिथून गाडी मागे घेतली, डाव्या भिंतीला घासत गेले. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्यांना तिथे बिनझाकणाचं चेंबर सापडलं, पुरुषभर खोल.

वन्संच्या दगडी पायऱ्यांना गाडी टेकवली आणि थेट पायरीवर उतरले. वर जाऊन आधी सुई टोचली. मग चहा ठेवला. थोड्या वेळाने त्यांच्या बोलण्यात जरा जीव आला.

"खिडकीतनं बघीत व्हते तुला," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "वन्सं, पुढे कोण होतं?"

"पुढं? कोन नाय गो. तूच व्हतीस. उतरायचीस, काठी मारायचीस, परत गाडीव बसायचीस. मी म्हनलं, किती चिकाटीची बाय."

"मी उतरलेच नाही, वन्सं."

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. सलवार अगदी खालपर्यंत कोरडी होती. चपलेला फक्त पायरीवरची ओल. मग माझा हात धरून बसल्या.

मुलगा म्हणतो, "आई, तू टेन्शनमध्ये होतीस. कुठलीतरी काठी घेऊन तूच उतरली असशील आणि विसरलीस." असेलही. मग कोरड्या पायांचं काय, असं विचारलं तर गाडी कधी विकतेस म्हणतो. मी उजव्या हाताची, हेही त्याला ठाऊक आहे. वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं तर मी अर्धे मार्क कापले असते. पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही.

गाडी विकलेली नाही. काठी आता गाडीलाच बांधून ठेवलीय.

एक मात्र मनातून जात नाही. वन्सं जन्मात खोटं बोललेल्या नाहीत, त्याचं मला कौतुकच होतं. पण त्या दिवशी मी विचारलं तेव्हा त्यांनी एकदाच, माझ्यासाठी, "बाळू व्हता गो पुढं" असं म्हणायला हवं होतं.