शिंपल्यांच्या बकऱ्या

सोनाबाई तीस वर्षं उरणहून सकाळच्या एसटीने पनवेलला येत होती. डोक्यावर पाटी घेऊन खांदा कॉलनीत दारोदार मासळी विकायची. नवऱ्याचं, काशिरामचं, छोटं होडकं होतं. खाडीत भराव पडला, जाळ्यात काही येईना, तेव्हा ते विकून त्याने द्रोणागिरीच्या एका गोदामावर वॉचमनकी धरली. सोनाबाईची पाटी सुटली नाही.

फेरीतलं शेवटचं घर कृष्णकांत सामंतांचं. बँकेतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे. २००४च्या उन्हाळ्यात पाणी प्यायला टेकली, तेव्हा त्यांच्या ओट्यावर तिला खडूने आखलेला पट दिसला.

"ही वाघबकरी ना? माजा बाप धक्क्यावर खेळायचा."

"मग बसा की. मला कुणी भिडूच मिळत नाही."

तीन वाघ सामंतांचे, एकेक करून मांडायच्या पंधरा बकऱ्या तिच्या. वाघ उडी मारून बकरी खातो; बकरीला मारता येत नाही, सगळ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. सामंत पहिल्याच चालींत दोन-तीन बकऱ्या खाऊन खूश होत आणि मग कोपऱ्यात अडकत.

"सायेब, तुमाला खायाची लय घाई," ती म्हणे.

पुढच्या खेपेला तिने घरून शिंपल्या आणल्या, बकऱ्या म्हणून. मग आठवड्यातून तीन दिवस, आठ वर्षं, हाच शिरस्ता. बोलणं फारसं नसे. सून किशोरी कामावर लागली, काशिराम वारला, हे तिने खेळता खेळताच सांगितलं. काशिराम गेल्याचं ऐकून सामंतांनी चालीला उचललेला हात मागे घेतला, तर म्हणाली, "चाला तुमी. घरी जाऊन तेच हाय."

शेवटी शेवटी ती भिंतीला पाठ टेकून, डोळे अर्धे मिटून खेळायची.

"आज वाघ तुम्ही घ्या. तीनच सांभाळायचे," सामंत एकदा म्हणाले.

"नको. बकऱ्या हाताला ठाव हायेत. आता नवीन काय शिकू?"

२०१२च्या मार्चमध्ये ती तीन आठवडे आली नाही. सामंतांनी पनवेलच्या मासळी बाजारात बसणाऱ्या, तिच्याच गावच्या हौसाबाईला विचारलं. "गुडघं गेलं तिचं," हौसाबाई म्हणाली. "उंबरा वलांडत नाय." पत्ता तिनेच दिला.

आठ वर्षांत सामंत तिच्या घरी कधी गेले नव्हते. त्यांनी उरणची एसटी धरली. सोनाबाई पडवीत खाटेवर होती, पाय सुजलेले. त्यांना बघून उठायला गेली आणि तशीच मागे टेकली.

"कशाला आलाव येवढ्या उन्हात?"

"डाव मांडायला."

किशोरीने चहा दिला. सामंतांनी पाटावर पट आखला. शिंपल्या त्यांच्याच घरी राहिल्या होत्या, त्या पिशवीतून काढल्या. सात बकऱ्या मांडून झाल्या, आणि आठवी मुठीत घेऊन सोनाबाईला झोप लागली. किशोरी तिला हलवायला आली, तर सामंतांनी हातानेच नको म्हटलं. चार वाजताची गाडी गेली. ते तिथेच बसून राहिले.

तासाभराने तिने डोळे उघडले. "खेळलाव का तुमी?"

"नाही. तुमचीच चाल आहे."

तिने पटाकडे बराच वेळ पाहिलं. मग मूठ उघडून शिंपली खाटेवरच ठेवली.

"आज नाय जमायचं, सायेब. पर जाऊ नका लगेच."

सामंतांनी पाठ भिंतीला टेकली. साडेसहाच्या गाडीला अजून वेळ होता.