आईची फुकट शस्त्रक्रिया

आईच्या पित्ताशयात खडे आहेत हे कळल्यावरची दोन वर्षं तिने कोकम सरबतावर काढली. दुखायला लागलं की पोट धरून गॅलरीत उभी राहायची आणि विचारलं की "पित्त आहे" म्हणायची. वडील गेल्यापासून तिने एकच धसका घेतला होता, आपल्या आजारपणात मुलाची वाट लागायची. बोरीवलीत आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाचं हॉस्पिटलचं बिल किती आलं, हे तिला तोंडपाठ असायचं.

शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की आता थांबणं धोक्याचं आहे. त्या वयात तिचा विमा कोणी उतरवेना. पैसे मी साठवले होते, पण ती ते घेणार नाही याची मला खात्री होती. म्हणून मुलुंडच्या बहिणीने आणि मी फोनवर एक थाप रचली. सरकारने नवी योजना आणली आहे, ऑपरेशन फुकट होतं, फक्त सही करायची. आईने दोनदा खोदून विचारलं आणि मग बॅग भरायला घेतली. मी बिलं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये लपवली आणि स्वतःवर भलताच खूश झालो.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. महिन्याभरात आई बांगड्याचं तिखलं खाऊ लागली, आणि मग तिने सरकारचा प्रचार सुरू केला.

सोसायटीच्या बाकावर रोज संध्याकाळी दोन निवृत्त काका भांडत. एकाचं म्हणणं, दवाखाने सगळे सरकारने चालवावेत, आजारपणात धंदा नको. दुसऱ्याचं, फुकट दिलं की कोणी धड बघत नाही, सगळ्यांचा विमा उतरवा आणि मोकळे व्हा. वर्षानुवर्षं हा सामना बरोबरीत सुटत आला होता. त्यात आई जाऊन बसली आणि माझंच बघा की म्हणाली. एक पैसा न देता एसी वॉर्डात झोपले, नर्स बिचाऱ्या केस विंचरून द्यायच्या. विमावाले काका पहिल्यांदाच हरले. मी भाजीची पिशवी घेऊन आत शिरत होतो, तर त्यांनी मला अडवून योजनेचं नाव विचारलं. फॉर्म ऑनलाइन असतो, असं काहीतरी पुटपुटून मी जिना गाठला. लिफ्टची वाट बघायचीसुद्धा हिंमत नव्हती.

इथवर सगळी गंमतच होती. पण आमच्याकडे पोळ्यांना एक ताई येतात, मूळच्या जालन्याकडच्या. त्यांच्या गर्भाशयात गाठ होती. अंगावरून जाऊन जाऊन चेहरा पांढरा पडला होता, तरी चार घरच्या पोळ्या चालूच होत्या. एका सकाळी पोळी लाटता लाटता त्या मला म्हणाल्या, "दादा, आजींच्याच हॉस्पिटलात तारीख घेतली मी. चारी घरी सुट्टी सांगितली, बहिणीला गावावरून बोलावलं. तो फॉर्म तेवढा भरून द्या ना."

बघतो म्हणालो आणि चहा अर्धा टाकून निघालो. ऑफिसच्या वाटेवर मला स्वतःची इतकी चीड आली की रिक्षावाल्यावर विनाकारण खेकसलो.

संध्याकाळी टीव्ही बंद करून आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही की ओरडली नाही. चष्मा काढून पदराने पुसत बसली. रागावली की ती मालवणीवर येते.

"माका इचारलंस नाय," ती म्हणाली. "माझ्यासाठी सरकार झालंस. आता तिच्यासाठी पण हो."

ताईंना खरं काय ते दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं. मला ते धैर्य झालं नाही, मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसलो होतो. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. उरलेल्या पोळ्या लाटल्या, ओटा पुसला आणि गेल्या. संध्याकाळी बाकावर जाऊनही आई सांगून आली की योजना कसली, मुलगा होता. दोन्ही काकांना आपापलंच म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटलं आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

मी रजा टाकली आणि हॉस्पिटलात गेलो. या खिडकीवरून त्या खिडकीवर टोलवत टोलवत त्यांनी मला औषधांच्या दुकानामागच्या एका खोलीत पाठवलं. तिथे बसणाऱ्या समाजसेविका बाई म्हणाल्या, हे ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, गरीब रुग्णांसाठी इथे कायद्याने खाटा राखीव असतात. रेशनकार्ड आणा, उत्पन्नाचा दाखला आणा. मी विचारलं, हे कोणी सांगत का नाही? त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. बोर्ड होता. त्याच्यापुढे शोभेचं झाड ठेवलेलं होतं. मला हसावं की ते झाड उचलून फेकावं कळेना. बाकावरचे काका इतकी वर्षं जी सुधारणा मागत होते, तिच्यातली थोडी तरी त्या कुंडीमागे उभी होती.

दाखल्यासाठी ताईंबरोबर तहसील कार्यालयात तीन खेपा झाल्या. तारीख दोन आठवडे पुढे गेली, ताईंच्या बहिणीला मुक्काम वाढवावा लागला, पण ऑपरेशन झालं. आई रोज पेजेचा डबा घेऊन जायची आणि वॉर्डातल्या स्टुलावर तास तास बसायची. ताईंच्या गालांवर हळूहळू रंग आला. आमच्या घरात तेव्हा फार बरं वातावरण होतं. आईनेही मला माफ केलं असावं असं मी धरून चाललो.

मग या दिवाळीनंतर तिच्या मोतीबिंदूचं निघालं. तपासून घरी आलो तेव्हा ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "आता आकडो सांग," म्हणाली. "खरो."

मी सांगितला. लेन्सचा वेगळा, डॉक्टरांचा वेगळा, काही न लपवता. ती बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली. ती नाही म्हणणार, हे मी धरूनच चाललो होतो, आणि तिला मनवायची वाक्यंही जुळवून ठेवली होती.

"म्हाग आसा," ती म्हणाली. "पण डोळे माझे आसत. कर."