रायफलीला कुंकू

आमच्या घरात कोळीसुद्धा ग्लासाखाली पकडून बागेत सोडतात. अशा घरात शिकारीची रायफल कशी आली, हे नेदरलँड्समधल्या आमच्या ब्रेडा गावातल्या बहुतेक सगळ्या मराठी मंडळींनी मला कधी ना कधी विचारलं आहे. सासूबाईंनी तर फोनवर सरळच विचारलं, "अगं, ससा-बिसा मारतेस की काय?" मी म्हटलं, "नाही हो आई, कागद मारते." कागद मारायला एवढी बंदूक कशाला, असं त्या अजूनही दर फोनला विचारतात.

खरं सांगायचं तर मी बंदुकीच्या नादाला लागलेच नव्हते, मी लाकडाच्या नादाला लागले होते. नवऱ्याच्या नोकरीमागे या देशात आले तेव्हा हाताला काम नव्हतं. दोन वर्षं डच शिकण्यात आणि सायकलवरून पडण्यात गेली. मग जुन्या फर्निचरला पॉलिश करण्याचा आणि वेताच्या खुर्च्या विणण्याचा एक संध्याकाळचा वर्ग केला आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. एक दिवस ऐंशीच्या घरातले एक डच गृहस्थ सायकलच्या मागे खुर्ची बांधून माझ्या दारात उभे राहिले. मी त्यांना तेव्हापासून मनातल्या मनात आजोबा म्हणते. खुर्ची परत न्यायला आले तेव्हा त्यांनी तिच्या हातांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अक्रोडाचं लाकूड तुला कळतं. माझ्याकडे याहून सुरेख अक्रोड आहे. बघायचंय?"

मी नवऱ्याला सोबत घेऊन गेले. एखादं कपाट किंवा घड्याळ असेल अशी माझी समजूत होती. आजोबांनी भिंतीत ठोकून बसवलेली पोलादी तिजोरी उघडली आणि आतून एक रायफल काढली. नवरा दोन पावलं मागे सरकला. मी दोन पावलं पुढे गेले. दस्त्याचं अक्रोड इतकं दाट होतं, रेषा अशा वळत गेल्या होत्या, की मला आधी बंदूक दिसलीच नाही. मग त्यांनी चापाखालची कडी ओढली. एक पोलादी ठोकळा गुपचूप खाली सरकला आणि नळीचं मागचं तोंड उघडं पडलं. त्यात एकच काडतूस ठेवायचं, कडी वर घ्यायची, ठोकळा बंद. दुसरी गोळी हवी असेल तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माझे वडील इचलकरंजीला लेथवर काम करायचे. दोन तुकडे एकमेकांत हवा न राहता बसले की ते कारखान्यातच मोठ्यानं "वा!" म्हणायचे. त्या दिवशी आजोबांच्या बैठकीच्या खोलीत मी अगदी तसंच "वा!" म्हटलं. आजोबांना मराठी येत नाही, पण तेवढं कळलं.

पुढचं सगळं या देशाच्या रीतीनं झालं, म्हणजे सावकाश आणि फॉर्म भरून. आधी नेमबाजीच्या क्लबात वर्षभर उमेदवारी. पोलिसांची चौकशी. मग मन ठिकाणावर आहे की नाही हे तपासणारी प्रश्नावली. त्यात मी पास झाले तेव्हा नवरा म्हणाला, "आता माझा या सिस्टीमवरचा विश्वासच उडाला." मुलगी तेरा वर्षांची, तिनं इंग्रजीतूनच हात जोडले, "आई, प्लीज, डोन्ट टेल माय फ्रेंड्स."

क्लबात बहुतेक पुरुष, आणि बहुतेकांकडे पटापट गोळ्या सुटणारी पिस्तुलं. आमच्या कोपऱ्यात मी आणि आजोबा, एक-एक काडतूस घेऊन बसलेलो. मला मुळात धीर नाही. भाजी फोडणीला टाकली की मी लगेच झाकण उघडून बघते. बोलण्याचंही तसंच. आजोबा माझ्या मागे उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, "आता बोलू नकोस. श्वास सोड. अजून नाही. अजून नाही." पहिले तीन महिने माझ्या गोळ्या कागदाच्या आसपासच्या हवेला लागत होत्या. पण एकच गोळी आहे म्हटल्यावर माणूस आपोआप शहाणा होतो. मी इतकी गप्प जगात आणखी कुठे बसत नाही, असं नवरा म्हणतो. शनिवारी क्लबला जायची आठवण तोच करतो.

दुसऱ्या वर्षी मी स्वतःची एक लहान कॅलिबरची रायफल घेतली. बनावट हल्लीची, पण घडण जुन्या पद्धतीची, तशीच ठोकळा खाली सरकणारी. दस्ता मी स्वतः घासून, तेल पाजून तयार केला. तिला मी "माझा संग्रह" म्हणायचे. "एका वस्तूचा संग्रह नसतो गं," नवरा म्हणायचा. "सुरुवात असते," मी म्हणायचे.

मग एका सप्टेंबरात आजोबांनी कॉफीच्या टेबलावर सांगितलं की त्यांना मधोमध दिसेनासं झालं आहे. कडेचं दिसतं, पण जिकडे बघावं तिथेच करडा ठिपका. डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून सांगितलं होतं. नवीन वर्षापासून ते म्हाताऱ्यांच्या वसाहतीतल्या एका लहान फ्लॅटमध्ये जाणार होते आणि बंदुकीचा परवाना परत करणार होते. बाकीच्या रायफली त्यांनी आधीच लोकांना देऊन टाकल्या होत्या. ही एकच उरली होती, तीच अक्रोडाची. डिसेंबरअखेर ती परवाना असलेल्या कुणाच्या नावावर झाली नाही तर पोलिसांकडे जमा करायची आणि तिथे ती कापून भंगारात जाणार.

"घेणारे दोघं-तिघं आहेत," ते म्हणाले. "पण ते तिच्यावर दुर्बीण बसवायला भोकं पाडतील. तू घेशील?"

मला रडूच आलं. मी चिडल्यासारखं करून ते लपवलं आणि त्याच संध्याकाळी पोलिसांकडे दुसऱ्या रायफलीसाठी अर्ज केला. अर्ज झाला आणि मी निर्धास्त झाले, हीच माझी चूक.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. आमच्या इचलकरंजीच्या घरी या दिवशी लेथ बंद असायचा. त्याला धुऊन-पुसून हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढे नारळ. वडील त्या दिवशी मशीनला हातसुद्धा जोडून लावायचे. इथे आम्ही दरवर्षी नवऱ्याचा लॅपटॉप, माझ्या कानशी-पटाश्या आणि तिघांच्या सायकली पुजतो. या वर्षी घरात खरंखुरं शस्त्र होतं! मी ते तिजोरीत कसं ठेवणार? चौरंगावर लाल खण अंथरला, वर रायफल ठेवली. कुंकवानं पोलाद गंजू नये म्हणून आधी तेलाचा हात फिरवला, मग दस्त्याला आणि नळीला बोट टेकवलं. बागेतला झेंडू वाहिला. निरांजन लावलं. दोन मैत्रिणी आल्या होत्या, त्यांनीही हळदकुंकू वाहिलं, पेढे खाल्ले. इतकं देखणं दिसत होतं की मी फोटो काढला आणि क्लबच्या ग्रुपवर टाकला. खाली डचमध्ये लिहिलं, "आज आमच्याकडे शस्त्रांचा सण! घरी पाहुणे आलेत, सगळ्यांनी आशीर्वाद घेतले!"

दहा मिनिटांत क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला.

"ती रायफल तिजोरीच्या बाहेर आहे?"

"पूजेपुरती. रिकामी आहे. काडतुसं वेगळ्या कपाटात, कुलपात आहेत."

"आणि शेजारी पेटता दिवा? आणि पाहुणे?" तो सज्जन माणूस आहे, त्याचा आवाज जड झाला होता. "मला हे कळवावं लागेल. मी नाही कळवलं तर माझा क्लब अडचणीत येईल."

मी फोन ठेवला आणि आधी रायफल तिजोरीत ठेवून कुलूप लावलं. माझा परवाना तर जाईलच, पण मला रायफलीपेक्षा आजोबांची काळजी वाटत होती. त्यांना काय सांगणार होते मी? तुमची रायफल भंगारात गेली कारण मला हौस आवरली नाही, असं?

पोलिसांच्या परवाना विभागातली बाई पुढच्या आठवड्यात घरी येणार असं पत्र आलं. नवऱ्यानं तोडगा काढला. "हे बघ, मेंटेनन्ससाठी गन बाहेर काढायला अलाउड आहे ना? मग क्लीनिंग चाललं होतं म्हण. तेल तर लावलं होतंस ना? खोटंपण नाही."

"आणि ते झेंडू?"

"डेकोरेशन."

आजोबांनीही फोनवर तेच सुचवलं. "तेल लावत होतीस, एवढंच सांग. बाकी कशाला?" त्यांच्या आवाजात विनंती होती. ते कधी कुणाला विनंती करत नाहीत. मी बरं म्हटलं, आणि चार दिवस आरशासमोर "मी तेल लावत होते" हे वाक्य घोकत राहिले.

बाई आली. चाळिशीची, उंच, बूट काढू का विचारणारी. तिनं तिजोरी पाहिली, भिंतीतले बोल्ट हलवून पाहिले, काडतुसांच्या कपाटाचं कुलूप पाहिलं. मग टेबलाशी बसून तिनं माझ्याच फोटोची छापील प्रत समोर ठेवली. कागदावर झेंडू जास्तच पिवळा दिसत होता.

"इथे काय चाललंय, सांगा."

नवरा माझ्याकडे बघत होता. वाक्य तोंडात तयार होतं. पण वडिलांच्या लेथला घातलेली माळ मला त्या फोटोत दिसायला लागली, आणि तिला डेकोरेशन म्हणायला जीभ रेटेना. मी सांगत सुटले. लेथ, इचलकरंजी, ज्या हत्यारावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस विश्रांती आणि नमस्कार, पटाश्या, सायकली, सगळं. मैत्रिणी होत्या हे सांगितलं. त्यांचे हात रायफलीला लागले हेही सांगितलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुम्ही तिला तेल लावत नव्हता?" बाईनं विचारलं.

"लावलं होतं. पण कुंकवासाठी."

ती पहिल्यांदा हसली. "वीस वर्षं मी हे काम करते. तिजोरीबाहेर बंदूक सापडली की प्रत्येक जण तेलच लावत असतो." मग हसू पुसून तिनं मला चांगलं फैलावर घेतलं. बाहेरच्या माणसाचा हात घरातल्या शस्त्राला लागणं ही साधी गोष्ट नाही, या वेळी लेखी ताकीद मिळेल, पुन्हा झालं तर परवाना रद्द. दुसऱ्या अर्जाचं काय, हे तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायची छाती झाली नाही.

नोव्हेंबर संपला. आजोबांचं घर खोक्यांत भरलं जात होतं. मी खोकी बांधायला जायचे, तेव्हा दोघंही तिजोरीकडे बघायचं टाळायचो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकाच दिवशी दोन पाकिटं आली. एकात ताकीद होती. दुसऱ्यात परवानगी. मी दारातच अशी ओरडले की शेजारीण बाहेर आली.

शनिवारी क्लबात सेक्रेटरीच्या साक्षीनं रायफल माझ्या नावावर झाली. आजोबांनी कडी ओढून नळी रिकामी असल्याचं बोटानं चाचपून पाहिलं आणि ती माझ्या हातात दिली. मग त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते कोटाच्या खिशात घातले.

"एक गोळी मारा," मी म्हटलं.

"मला कागदच दिसत नाही."

"मला दिसतो ना."

ते नेमबाजीच्या टेबलाशी बसले. या वेळी मागे मी उभी होते. "थोडं डावीकडे," मी हळूच म्हटलं. "जरा वर. श्वास सोडा. अजून नाही. अजून नाही. आता." रायफल वाजली. कागद जिथल्या तिथे, कोराकरकरीत. गोळी पलीकडच्या मातीच्या बांधात गेली होती.

"कुठे लागली?"

"मधोमध," मी म्हटलं. एका क्षणाचाही विचार न करता.

त्यांचा चेहरा इतका फुलला की सेक्रेटरीनं दुसरीकडे मान वळवली. "मग आण तो कागद. नव्या घरात लावतो."

आता आली का पंचाईत! मी कागद जवळ आणला. दुसरं काय करणार? आजोबांनी तो घेतला आणि अक्रोडावरून फिरवावा तसा त्यावरून अंगठा फिरवला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पुन्हा एकदा. कुठेच भोक लागलं नाही.

आजोबा आधी खांदे हलवत हसले, मग पोटभर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे तू फक्त पोलिसांशीच खरं बोलतेस तर!"

मग त्यांनी कागद माझ्याकडे परत दिला, टेबलाकडे वळून बसले आणि तळहात मागे धरला. मी त्यावर दुसरं काडतूस ठेवलं.