एक नंबरच्या जीपमधला सेट

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हंगामात आमच्या साखर कारखान्याच्या जीपगाड्यांना वायरलेस बसला. मी शेतकी खात्याची एक नंबरची जीप चालवत होतो. उसाच्या तोडी, चिखलात रुतलेले ट्रक, आपसांत भांडणारे मुकादम, असला सगळा संसार सांभाळत ती जीप दिवसभर पलूसच्या आसपासच्या शिवारात फिरायची. कारखान्यातल्या पत्र्याच्या खोलीत बसून माझ्याशी वायरलेसवर बोलायचं काम ज्याला मिळालं, तो माझा सख्खा थोरला भाऊ होता. दादा. पलटणीत सिग्नलवाला म्हणून नोकरी करून पेन्शनीवर आलेला.

अडचण एवढीच होती, की आम्हा दोघांचं बोलणं बंद होतं.

वडील गेल्यावर वाटणी झाली ती गोडीगुलाबीनं झाली होती. पुढं एका उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शब्दाला शब्द वाढला. तो म्हणाला, "आजपासनं तुज्याशी बोलणं न्हाई." मी म्हणालो, "नगा बोलू. कोण आडलंय?" दोघंही एकाच आईची पोरं, त्यामुळं ताठपणा सारखाच वाटून आलेला. घर एकच होतं, मध्ये फक्त भिंत घातलेली. बायकांचं बोलणं चालू होतं, वाटीतून कोरड्यास इकडून तिकडं जात होतं, पोरी ज्या चुलीवर चांगलं शिजेल तिथं जेवत होत्या. बंद होतं ते आमच्या दोघांचंच. आमच्या भागात भावांच्या अशा कितीतरी जोड्या सापडतील. लग्नात एका पंगतीला शेजारी बसतील, पण मीठ हवं असलं तर ते तिसऱ्याकडून मागतील. जो आधी बोलेल त्याचं नाक खाली.

आता हे दोघं वायरलेसवर काय करणार म्हणून गावात चार दिवस करमणूक झाली. दादानं शेतकी अधिकारी साहेबांना सांगून टाकलं, "डूटी म्हंजे डूटी, साहेब. त्ये बोलणं कारखान्याचं. आमचं न्हवं." मलाही ते अगदी बिनतोड वाटलं. आपल्या तोंडातून निघालेला शब्द कारखान्याच्या खात्यात जमा होतो, असं धरून आम्ही दोघं कामाला लागलो. दुसऱ्या मुलखातल्या माणसाला हे पटायचं नाही.

पहिला सेट जुना होता. लष्करानं बाद केलेला, लिलावातून आलेला, ट्रंकेएवढा मोठा. मागच्या बाकाचा निम्मा भाग त्यानंच खाल्ला होता. आत काचेचे व्हॉल्व्ह. चालू केला की ते तापेपर्यंत थांबायचं, मग तो पिठाच्या गिरणीसारखा गुणगुणायला लागायचा. थंडीत त्याच्या उबेला बरं वाटायचं, चैत्रात जीव नकोसा व्हायचा. इंजिन बंद असताना चालू राहिला तर गाडीची बॅटरी पिऊन टाकायचा आणि मग हॅण्डल मारता मारता खांदा निखळायची वेळ यायची. पण त्याची खरी खोड वेगळीच होती. तो एका जागी टिकत नसे. तापला की सरकायचा, खड्ड्यात आदळला की सरकायचा. म्हणून रोज सकाळी, आणि दिवसातून पुन्हा एकदोनदा, तो जुळवून घ्यावा लागे. जुळवायचा म्हणजे कारखान्यातून दादानं न थांबता बोलत राहायचं आणि मी त्या आवाजावर चकती हळूहळू फिरवत आणायची.

सुरुवातीला दादा पलटणीतल्या पद्धतीनं आकडे म्हणायचा. एक, दोन, तीन, पुन्हा एक, दोन, तीन. त्यात एके दिवशी मध्येच आवाज आला, "वरल्या अंगाच्या उसाला हुमणी लागलीया. खोडवं वाळाय लागलंय. खालच्या फडातबी बघून घ्यावं. एक, दोन, तीन. आवाज कसा?"

खालचा फड माझा होता. मी म्हणालो, "आवाज साफ."

त्या दिवशी संध्याकाळी मी फडात जाऊन मुळं उकरून पाहिली. हुमणीच्या अळ्या होत्याच.

मग ते वाढत गेलं. आकडे कमी झाले. म्हैस व्याली, रेडी झाली, चीक धाडलाय. पोरीला बघायला मिरजेचं पावणं येणार हायत, मुलगा रेल्वेत हाय, पर उंचीला कमी वाटतुया. आईच्या श्राद्धाला बामणाला कुणी सांगायचं? मी कधीच उत्तर दिलं नाही. देऊन कसं चालेल? उत्तर दिलं असतं तर ते बोलणं झालं असतं. मी फक्त सेटचं बोलायचो. सेट केव्हाच जुळलेला असायचा, दादाचा श्वाससुद्धा ऐकू यायचा, आणि मी म्हणायचो, "अजून जुळंना. बोलत राहा." सिग्नलमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस तो. सेट जुळलाय की नाही हे त्याला माझ्या आवाजावरूनच कळत असणार. पण तो बोलत राहायचा. रस्त्याकडेला जीप उभी करून मी ऐकत बसायचो. शेजारी बसलेला ओव्हरसियर कंटाळून बिडी ओढायला खाली उतरायचा.

त्या हंगामाच्या शेवटी येरळेवर भानगड झाली. मी नदीच्या अलीकडे उसाच्या ट्रकची वाट बघत थांबलो होतो. सेट चालू, इंजिन बंद. बॅटरी कधी बसली आणि सेट कधी बंद पडला ते कळलंच नाही. हॅण्डल मारून गाडी चालू केली आणि एकट्यानंच नदीत घातली, कारण पाणी घोट्याएवढं होतं. वर खटावकडं अवकाळी कोसळला होता, त्याचा मला पत्ता नव्हता. मधोमध गाडी बंद पडली आणि गढूळ पाण्याचा लोंढा आला. मी बॉनेटवर चढलो. पलीकडच्या मळ्यातल्या माणसांनी दोर टाकून मला ओढून काढलं. जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं काढली.

ओल्या कपड्यानं कारखान्यात आलो तेव्हा दादा खोलीच्या दारात उभा होता. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि साहेबांकडं वळून बसक्या आवाजात म्हणाला, "एक नंबरचा रिपोर्ट येळंवर आला न्हाई." बस्स. मला असा संताप आला, की नदी परवडली असं वाटलं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर नवे सेट आले. ट्रान्झिस्टरचे. जेवणाच्या डब्याएवढे, डॅशबोर्डच्या खाली स्क्रूनं आवळायचे. चालू केला की त्याच क्षणी चालू. बॅटरी जवळजवळ खातच नव्हता. आत क्रिस्टल असल्यामुळं तो जागचा हलायचाच नाही, जुळवाजुळव काही नाही, फक्त बटण दाबून बोला. खरखरसुद्धा बंद करायची सोय. कुणी बोललं तरच तोंड उघडणार, एरवी मुका. साहेब खुशीत होते, पण सगळ्या गाड्यांना पुरतील एवढे सेट नव्हते. म्हणून त्यांनी मला विचारलं, "तुमचं काय? नवा बसवू, की जुनाच राहू दे?"

मी जुन्याची बाजू अशी लढवली, की वकील लाजावा. जुना दणकट आहे. व्हॉल्व्ह गेला तर इथल्या इथं बदलता येतो, नवा बिघडला तर मुंबईला पाठवा. जुन्याची खरखर ऐकू येते म्हणजे जिवंत असल्याचं कळतं, नवा मेला तरी समजायचं नाही. साहेब ऐकून घेत होते. खरं कारण माझ्या ओठांवर येऊन बसलं होतं आणि ते सांगण्याची सोय नव्हती. आपला भाऊ आपल्याशी फक्त ह्या खटाऱ्यामुळं बोलतो, हे चारचौघांत कसं सांगायचं?

साहेबांनी दादाला बोलावलं. "ऑपरेटर म्हणून तुमचं मत काय?"

दादानं माझ्याकडं पाहिलं नाही. जीपकडं पाहिलं. "एक नंबरला नवा बसवा," तो म्हणाला. "पहिल्यांदा एक नंबरलाच. जुना काढून टाका."

मला त्याच दिवशी कळून चुकलं, की ह्यानं दुसऱ्यांदा बोलणं बंद केलं. पहिल्या वेळी निदान भांडण तरी होतं. ह्या वेळी मी काय केलं होतं? घरी येऊन मी बायकोवर ओरडलो, म्हशीवर ओरडलो, आणि मधल्या भिंतीकडं पाठ करून जेवलो.

नवा सेट खरोखर चांगला होता. त्याच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही. सकाळी आवाज यायचा, "एक नंबर, चेक." मी म्हणायचो, "चेक ओके." संपलं. मग अमुक गटात ट्रक पाठवा, तमुक टोळी हलवा. दादाच्या पोरीचं लग्न ठरलं ते मला बायकोकडून कळलं. रेल्वेतलाच मुलगा. उंचीचं काय झालं, ते विचारायचं राहून गेलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दादाला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग पोट फुगलं. साहेबांनी मिरजेला न्यायला एक नंबरचीच जीप दिली. मागच्या बाकावर वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून तो पडला होता. मी चालवत होतो. वाट सरेना. आरशात मला त्याचे पिवळे डोळे दिसत होते, ते उघडे होते आणि माझ्या पाठीकडं लागलेले होते. मी सबंध रस्ता शब्द जुळवत होतो. एवढंच म्हणायचं होतं, "लय हादरतंय का?" तेवढंही निघालं नाही. त्याच्याही तोंडून काही आलं नाही. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर घेताना मी त्याचे पाय धरले, ते थंडगार होते.

तिथून तो परत आला नाही.

त्याला मुलगा नव्हता, म्हणून मडकं मी धरलं. तोंडात पाणी मी घातलं. माणसं एकमेकांकडं बघत होती, ते मला कळत होतं. तिसऱ्या दिवशी सावडून आलो आणि सोप्यात बसलो. वहिनीनं चहा आणून ठेवला आणि तिथंच खांबाला टेकून बसली.

"भावजी, तुमी त्या सेटावरनं ह्यांच्यावर रागात हुता. ठावं हाय मला."

मी मान खाली घातली.

"येरळंला पाणी सुटल्याचा फोन कारखान्यात आला हुता. ह्ये तुमास्नी हाका मारत बसलं हुतं. एक नंबर, एक नंबर, मागं फिर, नदीत घालू नगंस. सारी दुपार. तुमच्याकडनं उत्तर न्हाई. घरला आलं तवा घशातनं आवाज निघत नव्हता. भाकरीला हात लावला न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सेट बदलायचं निघालं तवा मीच म्हनलं, आवं, जुना काढलासा तर दोगांचं हाय नाय त्येवडंबी बोलणं जाईल की. तर मला म्हनलं, 'जाऊं दे. न बोलंना का. सांजचं घरला यिऊ दे.'"

अंगणात सावडायला आलेली सगळी माणसं बसली होती. त्यांच्यादेखत मी पोरासारखा रडलो.