पुढच्या सीटवरचा मेहुणा

समोर काय आहे ते तोंडाने सांगितल्याशिवाय माझ्या बायकोच्या मावसभावाने आयर्लंडमध्ये एक पाऊलही टाकलं नसेल. लिक्सलिपला आमच्याकडे जेवायला आला की माझे दोन्ही डोळे शाबूत असताना तो मला ताट घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे समजावून सांगे. "भाऊजी, बारा वाजता भात, तीनला भरीत, सहाला लोणचं, जपून." दुकानात ट्रॉली वळवण्याआधी "डावीकडे" म्हणे. गणपतीत आरतीचं तबक फिरवताना त्याने पुढच्या काकूंना "ब्रेक" असं बजावलं आणि काकू जागच्या जागी थांबल्या. त्याची आई नागपूरहून आली तेव्हा लेकाचे वस्तरा फिरवलेले गुळगुळीत पाय पाहून दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोला म्हणाली, "याचं लग्न आता काही होत नाही."

हे सगळं डोनलपायी. डोनल मेनूथच्या विद्यापीठात इतिहास शिकवायचा. ऐन पंचविशीत त्याची दृष्टी गेली होती. हे दोघं जोडसायकलीच्या शर्यतीत उतरत, आणि सायकलपटूंच्या रिवाजाप्रमाणे पायांवरचे केसही काढत. पुढे बसणाऱ्याला पायलट म्हणतात. हँडल, ब्रेक, गिअर सगळं त्याच्या हाती. मागच्याने जीव तोडून पॅडल मारायचं आणि पुढच्यावर विश्वास ठेवायचा. आमचा मेहुणा संगणकाच्या चिपच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून भर पावसात कालव्याकाठी जाई आणि डोनलला खड्डे, चढ, वळणं, मधेच आडवं आलेलं बदक, सगळं सांगत तासन्‌तास सायकल हाणी. अशी सहा वर्षं गेली. सख्ख्या भावाच्या लग्नाला तो अक्षता पडून गेल्यावर पोचला, कारण आदल्या दिवशी शर्यत होती.

मग डोनलला देशाच्या संघाचं बोलावणं आलं. प्रशिक्षकाने मेहुण्याला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "त्याचे पाय जगाच्या तोडीचे आहेत. तुझे नाहीत." एक जुना व्यावसायिक सायकलपटू पायलट म्हणून तयार होता, पण डोनल ऐकेना. "आमचं ग्रँड चाललंय," एवढंच म्हणे. आयरिश लोक 'छान, ठीक'ला ग्रँड म्हणतात.

तेव्हा मेहुण्याने डोनलला सांगितलं, की माझा गुडघा कामातून गेलाय. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. नव्या पायलटला त्याने आठवडाभर डोनलच्या सवयी शिकवल्या. दमला की तो गुणगुणतो, वळण त्याला दोन क्षण आधी सांगावं लागतं. पुढच्या वर्षी डोनलने परदेशात रौप्यपदक जिंकलं. ती शर्यत मेहुण्याने आमच्याकडे टीव्हीवर पाहिली. पदक देण्याच्या वेळी तो उठून स्वयंपाकघरात भांडी घासायला गेला. पायलटलाही पदक मिळतं.

खरी पंचाईत पुढे झाली. डोनल फोन करायचा, "रविवारी हळूहळू एक चक्कर मारू या का?" आणि गुडघा गेलेल्या माणसाला नाही म्हणावं लागे. एकदा बोललेल्या खोट्यापायी साधी फेरीसुद्धा गेली. मी म्हटलं, "सांगून टाक ना त्याला."

"सांगितलं तर तो पदक कपाटात टाकून देईल, भाऊजी. मी ओळखतो त्याला."

हळूहळू फोन कमी झाले. मीही जास्त लावून धरलं नाही. दुसऱ्याच्या मैत्रीत कशाला पडा, असं वाटलं. आज वाटतं, पडायला हवं होतं.

गेल्या वर्षी डोनलने शर्यती सोडल्या. आता तरी जा, म्हणून मीच मेहुण्याला मेनूथला नेऊन सोडलं आणि खाली गाडीत थांबलो. तासाभराने तो आला आणि पट्टा लावला.

"सांगितलंस?"

"सांगणारच होतो. चहा झाला. तेवढ्यात त्याने चाचपत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. विचारलं, अजून दुखतो का?"

"मग?"

"म्हटलं, थंडीत दुखतो. थोडा वेळ त्याने हात तसाच ठेवला होता."