जुना झाडू कुठी हाय?

मी विद्यापीठात झाडपूस करते. तिथल्या स्टोअरमध्ये एक बाबूजी आहेत. झाडू, फडकी, फरशीचं औषध, सगळी खरेदी त्यांच्याच हातून होते. झिजलेला झाडू परत दिल्याशिवाय ते नवा देत नाहीत. जुना उलटून पाहतात आणि म्हणतात, "याचं तर अजून लगन बाकी हाय. कावून फेकून राहिली, बाई?"

"मंग लावून द्या ना बाबूजी, आमी जेवाले येतो!" बायका म्हणतात. ते हसत नाहीत आणि झाडूही देत नाहीत.

फरशीच्या औषधानं माझे हात फाटले होते. म्हणून घरी कणीक सून मळायची. बाबूजींना सांगायची मला लाज वाटे. एकदा झाडू देताना त्यांनी माझी बोटं पाहिली.

त्याच आठवड्यात औषधवाला नवे कॅन घेऊन आला. बाबूजींनी आम्ही घालतो तेवढंच औषध बादलीभर पाण्यात घातलं.

"पहिले तुमचा हात घाला याच्यात."

"साहेब, हे फरशीसाठी आहे."

"फरशी पुसणारीले हात नसते का? उचला कॅन."

आता दुसरं औषध येतं. त्याला वास कमी आहे, फेसही कमी. काल कणीक मीच मळली.

आज मी झाडू मागायला गेले, तर म्हणाले, "जुना कुठी हाय?"