रिकाम्या कंसातलं शून्य

आमच्या कॉलेजातल्या संगणकांची दसऱ्याला पूजा होते. पडद्यांना झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदकुंकू, आणि विभागप्रमुख हात जोडून उभे. एवढी भक्ती त्यांनी संगणकाच्या आत काय चालतं ते बघण्यात दाखवली असती, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

गेवराई तालुक्यातल्या या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर प्रोग्रामिंग शिकवते. दरवर्षी नव्याने नेमणूक, म्हणजे दरवर्षी नव्याने मान खाली. मध्यंतरी वरून नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात भाषेचे नवे नियम आले. लॅबमधला कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम, तो मात्र तोच. निळ्या पडद्याचा, माझ्या शिक्षणाच्याही आधीचा. नवा फुकट मिळतो, अर्ध्या दिवसात सगळीकडे टाकून देते, असं मी विभागप्रमुखांना तीनदा सांगितलं.

"चालू हाय ना लॅब?" ते म्हणायचे. "मग कावून हात लावायचा, मॅडम?"

त्यांनी तोडगा काढला होता आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. पेपरात नवं लिहायचं, लॅबमध्ये जुनं. मुलंही निमूट दोन्ही पाठ करायची. कुणी विचारायचं नाही, कारण विचारणाऱ्याच्या जर्नलवर सही व्हायला उशीर लागतो.

उमापूरहून एसटीने येणारी एक मुलगी मात्र तसं करेना. नियम तसा साधा होता. प्रोग्राममध्ये आकडा ठेवायला जागा मागितली, की तिथे आधीचा काहीतरी कचरा पडलेला असतो. तो साफ करायला विसरलं की उत्तर चुकतं. नव्या नियमात त्या जागेच्या नावापुढे रिकामा महिरपी कंस टाकला की ती जागा आपोआप शून्य होते.

"लई सोपं हाय की, मॅडम," ती म्हणाली होती. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक नावापुढे कंस. मोबाईलवर तिने नवा कंपायलर घेतला होता, घरी त्यावरच सराव करायची. मला वही दाखवली तेव्हा मी म्हटलं, "बरोबर आहे. असंच लिही." वाक्य माझं होतं.

मग शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल आलं. पुण्याच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं, अट एकच, एकही विषय राहता कामा नये. बाहेरगावच्या परीक्षकांना आधी चहा झाला, मग शहाळं, मग शाल. एवढं सोसून ते लॅबमध्ये आले. पाच विषयांच्या गुणांची बेरीज करायचा प्रोग्राम तिला आला होता. तिने तो निर्दोष लिहिला आणि निळ्या पडद्याने पहिल्याच कंसावर एरर दिला.

"हे कंस कसले?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, नवा नियम हाय. अभ्यासक्रमात हाय. मोबाईलवर चालतंय, दाखवू का?"

"परीक्षेत मोबाईल?"

विभागप्रमुख माझ्याकडे वळले. "मॅडम, असं तुमी शिकवलं का?"

ती माझ्याकडेच बघत होती. पुढच्या आठवड्यात नेमणुकीची यादी लागणार होती.

"मी नाही," मी म्हणाले. "जादा वाचत असेल ती."

परीक्षकांनी तिला पाच मिनिटं दिली. आउटपुट आलं नाही तर नापास. तिने घाईघाईने सगळे कंस पुसले. जुन्या पद्धतीने नावापुढे '= 0' असं हाताने लिहायला हवं होतं, ते राहून गेलं. मला दिसलं. मी बोलले नाही. जुन्या कंपायलरने ते मुकाट घेतलं आणि पडद्यावर आधीच्या कचऱ्यासकट बेरीज उमटली, वजा अठ्ठावीस हजार आणि वर काही.

पाच विषयांत वजा अठ्ठावीस हजार गुण मिळवलेला विद्यार्थी परीक्षकांना जराही खटकला नाही. "आलं ना आउटपुट? असं सरळ लिहायचं असतं," म्हणाले, सही केली, आणि विभागप्रमुखांबरोबर शेवभाजी खायला गेले. अशा माणसांना आपण सर म्हणतो. मीही म्हणते.

ती खुर्चीतून उठली नव्हती. "मॅडम, हे उत्तर चूक हाय."

"पास झालीस ना. नोकरी मिळाली."

"मिळाली." तिने दप्तर आवरलं. "बरोबर हाय म्हणून तुमीच म्हणल्या होत्या. सरांनी इचारलं तवा तेवढंच म्हणायचं होतं."

मी ओळीने संगणक बंद करत गेले.

आठवड्याने यादी लागली. माझं नाव होतं. कंपायलर तोच आहे, आणि यंदा दसऱ्याला पडद्यांना माळा मी घातल्या.